शिंदळ माकुडी उर्फ शिवसुमन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपद लागला की जुन्नर, सातारा, पुरंदर भागात फिरणाऱ्यांचे फोटो यायला लागतात आणि फोटोमागोमाग प्रश्न. तीच उत्तरं मोबाइलवर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. क्रम मुद्दाम लावलेला नाही.

शिंदळ माकुडी म्हणजे नक्की कोणती वनस्पती?

रुईच्या कुळातली, मांसल खोडाची, कड्याच्या भेगेत वाढणारी एक वनस्पती. शास्त्रज्ञ तिला फ्रेरिया इंडिका म्हणतात. बोटाएवढी जाड, गुळगुळीत, राखाडी-हिरवी खोडं खडकावरून खाली लोंबत असतात. पावसाळ्यात त्यांच्या टोकांकडे जाडसर, लांबट पानं फुटतात. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच कोनांच्या चांदणीसारखं, गडद किरमिजी, आणि त्यावर कुणी हळदीची बोटं टेकवल्यासारखे पिवळे डाग. ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या आणि त्याच्या फाट्यांच्या कड्यांवर उगवते. जगात दुसरीकडे जिथे दिसेल तिथे ती कुणीतरी नेऊन लावलेली असते.

तिच्या जवळच्या नातेवाइकांना पानं जवळजवळ नसतातच. असली तरी बारीक खवल्यासारखी आणि लगेच गळणारी. हिला मात्र खरीखुरी पानं येतात आणि पावसाळाभर टिकतात. वनस्पतिशास्त्रज्ञांना या झाडाचं अप्रूप आहे ते मुख्यतः यामुळे. बिनपानांच्या या गोतावळ्याचे पूर्वज कसे दिसत असतील, याची थोडी कल्पना हिच्याकडे पाहून येते.

शिवसुमन हीच का?

हीच. शिवनेरीच्या कड्यांवर सापडते म्हणून अलीकडे हे नाव पडलं आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. जुनं गावरान नाव शिंदळ माकुडीच. ‘शिंदळ’ शब्द चारचौघांत उच्चारताना लोक अडखळतात, नवं नाव इतक्या लवकर रुळलं त्यामागे हेही कारण असावं असं मला वाटतं. मी दोन्ही नावं वापरतो. शाळेत बोलायचं असेल तर शिवसुमन. धनगरवाड्यावर चौकशी करायची असेल तर माकुडी.

फ्रेरिया हे नाव कुठून आलं?

सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याच दशकात डाल्झेल या स्कॉटिश वनाधिकाऱ्याने ही वनस्पती शास्त्राला पहिल्यांदा ओळख करून दिली आणि साहेबाचं नाव दिलं. गंमत अशी की मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडायला लावली ती याच फ्रिअरने. तट पाडणाऱ्याचं नाव गडाच्या कड्याला धरून बसलेल्या झाडाला मिळालं.

शास्त्रीय नाव दर वेळी वेगळं का दिसतं? फ्रेरिया, कॅरालुमा, बौसेरोसिया, सेरोपेजिया?

कारण तिला कुठल्या घरात बसवायचं यावर एकमत नाही. फ्रेरिया ही प्रजाती तिच्या एकटीसाठी केलेली होती. पुढे १९५८मध्ये तिला कॅरालुमात टाकलं, मग बौसेरोसियात, आणि २०१७मध्ये काही संशोधकांनी हा सगळा गोतावळाच सेरोपेजिया या मोठ्या प्रजातीत, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या घरात, सामावून घेतला. भारतीय पुस्तकांत, सरकारी कागदांत आणि बोलण्यात अजून फ्रेरियाच चालतं. मीही तेच लिहितो.

यावरून एक प्रश्न नेहमी येतो: प्रजातीत ती आता एकटी राहिली नाही, तर तिचं महत्त्व कमी झालं का? कड्यावरच्या झाडाला नामांतराने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो याद्या तपासणाऱ्या माणसाला. कायद्याच्या यादीत एक नाव, रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर दुसरं आणि शोधनिबंधात तिसरं असेल, तर एकाच झाडाची तीन वेगळी झाडं होतात.

ती कुठे सापडते?

शिवनेरी आणि जुन्नरचा परिसर, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा, ही पूर्वीपासून नोंदलेली ठिकाणं. नंतर आणखी काही कड्यांची भर पडली. नकाशावर ही ठिकाणं जोडली तर पट्टा बराच लांब दिसतो, पण मधली जागा रिकामी आहे. एका कड्यावर दहा-वीस झुबके, मग कित्येक किलोमीटर काही नाही, मग एकदम दुसरा कडा.

जुन्नरला पाऊस बेताचा आणि महाबळेश्वरला धो धो, तरी दोन्हीकडे ती आहे. उभ्या कातळावर पाणी थांबत नाही, हे त्याचं कारण. वर कितीही कोसळू दे, भेगेतल्या मूठभर मातीला मिळतं ते निथळून गेल्यावर उरलेलंच. तिला हवी असते ती काळ्या पाषाणाची उभी भिंत, तिच्यातली एखादी फट आणि आजूबाजूला सावली करणारं झाड नसणं.

नेमकी जागा सांगाल का?

नाही.

निदान खूण?

तीही नाही. रागावू नका. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश टाकले गेले आणि पुढच्याच वर्षी हाताला येणारी झाडं नाहीशी झाली, हे मी पाहिलेलं आहे. कुणी नेली ते माहीत नाही. खडकात बोटभर भोकं तेवढी राहिली होती.

बघायला कधी जावं?

फुलांचे महिने म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्यातही पाऊस उघडल्यावरचा सप्टेंबर बरा, कारण त्याआधी कातळ शेवाळाने निसरडा असतो. दुर्बीण न्या. पायवाट सोडू नका.

थंडी सरली की पानं गळतात, आणि उन्हाळ्यात जे उरतं ते बघून कुणालाही वाळकी काटकीच वाटेल. मार्चमध्ये तुम्ही तिच्याजवळून शंभर वेळा गेलात तरी ओळखणार नाही. तिचं नुकसान जास्त होतं तेही याच महिन्यांत. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

जगातल्या सर्वांत दुर्मीळ बारा वनस्पतींपैकी ती एक आहे, हे खरं का?

हे वाक्य लेखांमध्ये, फलकांवर, भाषणांमध्ये फिरत असतं. मी ते वापरत नाही. ते जुन्या काळातलं आहे, जेव्हा तिच्या दोन-चारच जागा माहीत होत्या. त्यानंतर दोरावर उतरणारे गिर्यारोहक आणि दुर्बीण घेऊन कडे न्याहाळणारे अभ्यासक वाढले, तशा नव्या जागाही कळल्या. वाक्य मात्र तिथेच राहिलं.

म्हणजे धोका टळला असं नव्हे. भारतीय वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये तिची नोंद झाली ती उगीच नाही. पण ‘बारापैकी एक’ म्हणत राहिलं, आणि एखाद्या चौकस मुलाने तेरावा कडा शोधून काढला, की लोक म्हणतात, बघा, उगाच बाऊ करत होते.

‘संकटग्रस्त’ ठरवतात कसं? कुणी अंदाजाने म्हणतं का?

त्याला हिशेब आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, म्हणजे आययूसीएन, सगळ्या जगासाठी एकच मोजपट्टी वापरते. संख्या किती वेगाने घटते आहे, पसारा किती मोठा आहे, तो तुकड्यांत विखुरला आहे का, प्रौढ झाडं किती उरलीत, अशा पाच अंगांनी तपासतात. उदाहरणार्थ, प्रौढ झाडं ५०पेक्षा कमी असतील तर अतिसंकटग्रस्त, २५०पेक्षा कमी तर संकटग्रस्त, १०००पेक्षा कमी तर असुरक्षित. पसाऱ्याच्या निकषाला १००, ५००० आणि २०,००० चौरस किलोमीटर अशा पायऱ्या आहेत. पण नुसता पसारा लहान असून भागत नाही, जोडीला विखुरलेपण, चालू असलेली घट आणि टोकाचे चढउतार यांतल्या किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात.

आता हीच पट्टी माकुडीला लावून बघा. पहिली अडचण पसाऱ्याची. कडा उभा असतो आणि नकाशा आडवा. दोनशे फुटांची भिंत वरून पाहिली तर कागदावर एक रेघ दिसते. प्रत्यक्ष व्यापलेली जागा काढायला नियमाप्रमाणे दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखून, ज्या चौकोनात झाड सापडलं तो धरायचा. एका चौकोनात माकुडीसाठी खरी जागा एखाद्या अंगणाएवढी असेल, बाकी सगळी शेती, रस्ता आणि गाव. तरी हिशेबात चार चौरस किलोमीटर धरले जातात.

दुसरी अडचण एक झाड म्हणजे काय याची. खोड मोडून खालच्या टप्प्यावर पडलं आणि फटीत अडकलं तर तिथे मुळं धरतं. दहा वर्षांनी वर एक झुबका, खाली तीन झुबके. ही झाडं चार की एक? स्वतंत्रपणे जगू शकणारा प्रत्येक झुबका वेगळा धरा, असं नियम सांगतो, आणि मोजणीपुरतं ते ठीक आहे. पण रक्त एकच असतं, हे विसरून चालत नाही. एका रोगाने चारही जायची शक्यता असते.

तिसरी अडचण साधी. जिथे माणूस पोचत नाही तिथली झाडं दुर्बिणीतून मोजावी लागतात, आणि दुर्बिणीतून लहान रोप दिसत नाही.

माझ्या मित्राच्या बाल्कनीत ही मस्त वाढलीय. मग दुर्मीळ कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

खरी गोष्ट आहे, ती कुंडीत सहज वाढते. वीतभर तुकडा चार दिवस सावलीत सुकवला, वाळू मिसळलेल्या मातीत खोचला, पाणी हात राखून दिलं की झालं. परदेशातले निवडुंगवेडे ती कित्येक वर्षांपासून वाढवत आहेत आणि तिचे तिच्या नातेवाइकांशी संकर करून बघत आहेत. माझ्याकडेही एक कुंडी आहे, एका संस्थेच्या रोपवाटिकेतून रीतसर आणलेली. दरवर्षी गणपतीच्या आगेमागे फुलते. शेजारच्या काकू विचारतात, “हे काय एवढुसं फूल, आणि त्याला माश्या किती?”

पण शंभर बाल्कन्यांतल्या शंभर कुंड्या एकाच मूळ फांदीच्या तुकड्यांपासून झालेल्या असतील, तर ते एकच झाड शंभर ठिकाणी ठेवलेलं असतं. कड्यावरची गोष्ट वेगळी. या कड्यावरच्या आणि त्या कड्यावरच्या फुलांत पिवळ्या डागांची मांडणीसुद्धा सारखी नसते. नजरेला दिसतो तो फरक डागांचा. न दिसणारे फरक, म्हणजे कोरड किती सोसते, कुठल्या बुरशीला दाद देत नाही, हे त्याच्या आत असतात. त्यात बाल्कनीत संकर झाला, तर पुढची पिढी माकुडी राहतच नाही.

कुंडी हा विमा आहे. कडा गेला तर निदान झाड उरेल, एवढाच. आययूसीएनच्या यादीतही त्यासाठी वेगळा वर्ग आहे: ‘वन्य अवस्थेतून नामशेष’. तिथे पोचलेल्या वनस्पती बागांमध्ये ठणठणीत असतात.

कुंडीत एवढी सोपी, मग निसर्गात पसरत का नाही?

फूल आणि माशी यांच्यातल्या एका कटकटीच्या व्यवहारामुळे. फुलाला, नाक अगदी जवळ नेलं तर, किंचित कुजकट वास येतो. त्याला भुलून माशी येते. रुईकुळात पराग भुकटीसारखा सुटा नसतो; त्याच्या मेणासारख्या दोन पुड्या एका चिमट्याला अडकवलेल्या असतात. हा चिमटा माशीच्या पायाला नाहीतर सोंडेला बसतो. मग त्या माशीने दुसऱ्या फुलावर जावं, आणि ती पुडी नेमक्या एका चिरेत जावी, तेव्हा फळ धरतं. एखाद्या दुपारी भिंगातून बघत बसलात तर माशी पाय झटकत, ओढत, चिमटा सोडवायची धडपड करताना दिसते. कधी कधी तिथेच अडकून मरते.

समजा जमलं. लांब, बारीक शेंगांची जोडी येते, तडकते, रेशमी शेंडी असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या पकडल्या असतील तशाच. आता ही म्हातारी उभ्या भिंतीतल्या फटीत जाऊन बसली तर ठीक. खाली पठारावर पडली तर गवत, गुरं आणि सावली यांत तिचा निभाव लागत नाही. शेजारचा योग्य कडा दहा किलोमीटरवर असेल तर संपलंच.

तिला खरा धोका कशाचा?

मला विचाराल तर पहिला वणव्याचा. माघ-फाल्गुनात डोंगर पेटवतात, कधी पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने, कधी नुसत्या विडीने. जाळ पायथ्याच्या गवतातून वर चढतो आणि कड्याच्या टप्प्याटप्प्यांवर वाळलेलं गवत असतं त्याला धरतो. माकुडी त्या वेळी बिनपानांची, निपचित असते. हिरवं काही दिसत नाही म्हणून विझवणाऱ्यालाही तिथे काही वाचवण्यासारखं आहे हे कळत नाही.

दुसरा धोका सांगताना मला जड जातं, कारण ती मंडळी आपलीच आहेत. गडांवर स्वच्छता आणि संवर्धनाच्या मोहिमा होतात. तटाच्या दगडांत वड-पिंपळ रुजला तर तट फुटतो, तो काढलाच पाहिजे. पण हात एकदा चालायला लागला की तटाखालच्या कातळावरची सगळीच ‘झुडपं’ साफ होतात. एका गडावर (नाव घेत नाही) मोहीम संपल्यावर कचऱ्याच्या ढिगात मला माकुडीची चार-पाच खोडं सापडली. पोरं घामाने निथळलेली, आनंदात, जयजयकार करत होती. काय बोलणार? ढिगातले तुकडे वनखात्याच्या माणसाकडे दिले आणि पुढच्या मोहिमेआधी त्यांना पंधरा मिनिटं मागून घेतली. तेव्हापासून तो गट मोहिमेआधी फोन करतो.

बाकीचे: शेळ्या पोचतात तिथवर त्या शेंडे खातात. दरड कोसळली की अख्खा झुबका जातो. रस्ते, पायऱ्या, रेलिंग यांसाठी कातळ फोडला जातो. आणि हौशी संग्राहक आहेतच.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारच्या निर्यातबंदीच्या वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे. जंगलातून काढलेली झाडं किंवा त्यांचे भाग देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्या यादीत तिचं देशी नाव ‘शिंदळ मंकुंडी’ असं काहीतरी छापलंय. साहेबी लिपीतून परत आलेल्या नावांचं असंच होतं. दुसरीकडे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या सहाव्या अनुसूचीत मोजून सहा वनस्पती होत्या, आणि त्यांत माकुडी नव्हती.

राखीव जंगलातून कुठलंही झाड उपटणं भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहेच. शिवनेरीसारखे गड केंद्राचं संरक्षित स्मारक असल्याने तिथे पुरातत्त्व खात्याचे नियमही लागतात. यातून एक विचित्र फट राहते: तट पुरातत्त्व खात्याचा, उतार वनखात्याचा, आणि माकुडी नेमकी दोघांच्या मधल्या कातळावर. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. तुमच्या गावाच्या नोंदवहीत माकुडी आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर घालून घ्या. कड्याच्या जागेचा तपशील मात्र त्यात उघड लिहू नका.

ती औषधी आहे का? वजन कमी होतं म्हणतात.

तुम्ही म्हणता ती माकडशिंगी, हिची नातेवाईक. तिच्या अर्काच्या वजन घटवण्याच्या गोळ्या बाजारात मिळतात. गुराखी पोरं भूक-तहान भागवायला तीच कच्ची खातात. माकडशिंगीचं खोड चौकोनी, कडा असलेलं, पठारावर किंवा माळावर उभं वाढणारं. माकुडीचं खोड गोल, लोंबतं, कड्यावरचं. गोळ्यांसाठी कुणी गोळा करायला आलं तर त्यांना हा फरक समजेल याची खात्री नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी लक्ष असू द्या.

परत कड्यावर लावण्याचे प्रयत्न झालेत का?

झालेत. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राने ती आपल्या बागेत जोपासली, वाढवली. शिरवळजवळच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रानेही सह्याद्रीतल्या इतर दुर्मीळ वनस्पतींबरोबर तिच्यावर काम केलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तिच्या चुलतभावंडांवर, म्हणजे कंदीलपुष्पांवर, मोठं काम झालं आहे. त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

लावणं सोपं असतं; खरी कसोटी पहिल्या दोन उन्हाळ्यांची. रोप कुठल्या कड्याचं होतं आणि कुठल्या कड्यावर लावलं, याचीही नोंद लागते, नाहीतर सज्जनगडचं वाण शिवनेरीवर जाऊन बसतं आणि पुढच्या अभ्यासकाचा गोंधळ उडतो.

मी गडावरून एक लहानशी फांदी आणली तर काय बिघडतं?

हाताला येणारी झाडं कड्याच्या काठावर असतात, दहातली एखादी. रोजच्या हजार माणसांतल्या फक्त दोघांनी फांदी आणली तरी काठ एका हंगामात रिकामा. हवीच असेल तर रोपवाटिकेतून घ्या, आणि ती कुठून आली ते विचारा. उत्तर देताना विक्रेता इकडेतिकडे बघायला लागला तर घेऊ नका.

मला दिसली तर काय करू?

लांबून फोटो काढा, मोबाइलचं ठिकाण दाखवणारं सेटिंग बंद करून. तारीख, गड किंवा डोंगराचं नाव, अंदाजे किती झुबके, फूल-शेंग आहे का, आसपास जळाल्याची खूण आहे का, हे वहीत लिहा. ते वनखात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका.

फोटो पाठवला तर ओळखून द्याल का?

देईन, पण पानं किंवा फूल दिसत असलेला पाठवा. उन्हाळ्यातल्या काटक्यांचे फोटो ढिगाने येतात आणि त्यांतले निम्मे साबराचे निघतात. एकदा तर एकाने गडावरच्या तुटक्या वायरीचा फोटो पाठवला होता. दहा मिनिटं मोठा करून बघितल्यावर मला तांबं दिसलं.